वाचकांचे प्रश्न : गाडीत बसून सिनेमा, खिडकीतून सेवा

करोनाच्या काळात ड्राइव्ह-इन (म्हणजे मोकळ्या जागेत गाडीतच बसून सिनेमा पाहायच्या) चित्रपटगृहांना आणि ड्राइव्ह-थ्रू (म्हणजे गाडीतून न उतरता खिडकीवर मिळणाऱ्या) सेवांना पुन्हा बरे दिवस आले, असे एक टिपण या सदरात प्रसिद्ध झाल्यावर त्याविषयी बरीच पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत. विषय मूळचा अमेरिकेतला असल्याने उदाहरणेही बहुतेक तिथलीच आहेत.

प्रश्न : ड्राइव्ह-इन चित्रपटगृहाचे पेटंट घेतले गेले होते, असे आपण लिहिले आहे. मैदानात पडदा बांधून सिनेमा तर त्याआधीही दाखवत असत. मग यात पेटंट घेण्याजोगे काय होते?

उत्तर : आपल्याला आलेली शंका पुढे अमेरिकेतील न्यायालयालाही आली. रिचर्ड हॉलिंग्सहेड या न्यू जर्सी राज्यातील गृहस्थांनी आपल्या घराच्या अंगणात हे प्रयोग केले. गाडीच्या बॉनेटवर प्रोजेक्टर ठेवायचा, समोरच्या दोन झाडांमध्ये पडदा ताणायचा आणि पडद्यामागे रेडिओ लावून आवाज कसा पोहोचतो ते पाहायचे, अशी त्यांची सुरुवात होती. पावसात काचेतून कितपत दिसेल हे तपासण्यासाठी त्यांनी बागेला पाणी देण्याचे फवारे गाडीवर सोडले होते. खरी अडचण मात्र वेगळीच निघाली. गाड्या एकामागे एक उभ्या केल्या की मागच्या गाडीतल्या माणसाला पुढच्या गाडीचे टपच दिसत राही. तेव्हा त्यांनी पुढच्या चाकांखाली ठोकळे सरकवून गाडीचे नाक किती उचलले म्हणजे नजर टपावरून पडद्यापर्यंत जाते, याचा अंदाज घेतला आणि त्यावरून जमिनीलाच ओळीओळीने उंचवटे द्यायची रचना आखली. १६ मे १९३३ रोजी त्यांना पेटंट मिळाले ते मुख्यतः या रचनेचे. त्याच वर्षी ६ जूनला कॅम्डेनजवळ पहिले चित्रपटगृह सुरू झाले. गाडीमागे २५ सेंट आणि माणशी २५ सेंट, पण कुटुंब कितीही मोठे असले तरी एका गाडीचे एक डॉलरहून अधिक घ्यायचे नाहीत, असा तिथला दर होता.

पुढे इतरांनी तशीच चित्रपटगृहे काढली, परवाना शुल्कावरून खटले झाले आणि १९४९ मध्ये अपील न्यायालयाने हे पेटंट रद्दबातल ठरवले. जमिनीला उतार देऊन गाड्या कोनात लावणे हा शोध म्हणता येणार नाही, असे न्यायालयाचे मत पडले. हॉलिंग्सहेड यांच्यावर अन्याय झाला असे म्हणणारे आजही भेटतात. आम्हाला मात्र न्यायालयाचे म्हणणे पटते, कारण ठोकळे सरकवून उताराचा कोन शोधणे हे कल्पकतेचे काम असले तरी उतारावर कुणा एकाची मालकी मान्य करणे कठीणच होते.

प्रश्न : आवाज गाडीत कसा येतो? आणि तीन तास रेडिओ चालू ठेवून गाडीची बॅटरी उतरत नाही का?

उत्तर : सुरुवातीला पडद्याजवळ मोठे कर्णे लावलेले असत. त्यामुळे पुढच्यांचे कान किटत, आसपासच्या वस्तीची झोप उडे आणि मागच्या ओळींना ओठांची हालचाल आधी दिसून शब्द मागाहून ऐकू येत. ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे पडद्यापासून शंभर-सव्वाशे मीटरवर असलेल्या प्रेक्षकाला एक तृतीयांश सेकंदाचा फरक पडतो, आणि संवादांमध्ये एवढा फरक चांगलाच खुपतो. चाळीसच्या दशकात प्रत्येक गाडीशेजारच्या खांबावर छोटे स्पीकर आले. ते काचेला अडकवायचे असत, आणि निघताना काढायचे विसरून तारेसकट ओढून नेणारे प्रेक्षक ही मालकांची कायमची डोकेदुखी होती. आता बहुतेक ठिकाणी कमी शक्तीच्या एफएम प्रक्षेपकावरून आवाज पाठवतात आणि तो गाडीतल्या रेडिओवर ऐकतात.

बॅटरीची काळजी रास्त आहे. इंजिन बंद ठेवून नुसता रेडिओ लावला तर धडधाकट बॅटरीला एका चित्रपटाचा भार झेपतो, पण जुनी बॅटरी दगा देऊ शकते. म्हणून अनुभवी प्रेक्षक सेलवर चालणारा छोटा रेडिओ बरोबर ठेवतात आणि चित्रपटगृहाचे कर्मचारी बंद पडलेल्या गाड्यांसाठी जोडतारा घेऊन तयार असतात. नव्या गाड्यांचे आपोआप पेटणारे दिवे हा त्याहून मोठा उपद्रव आहे. ते कसे बंद करायचे हे गाडीच्या मालकालाच ठाऊक नसते आणि पुढच्या तीन ओळी त्याच्या नावाने बोटे मोडत बसतात.

प्रश्न : १९५८ च्या सुमारास अमेरिकेत चार हजारांहून अधिक ड्राइव्ह-इन होती असे वाचले. ती टीव्हीमुळेच बंद पडली ना?

उत्तर : हे उत्तर सर्रास दिले जाते, पण ते अर्धेच खरे आहे. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा अमेरिकेत अशी चित्रपटगृहे शंभराच्या आसपास होती, ती पुढच्या बारा-तेरा वर्षांत चार हजारांवर गेली, आणि टीव्ही घराघरांत शिरला तोही नेमक्या याच काळात. टीव्हीने ज्यांचे प्रेक्षक पळवले ती प्रामुख्याने शहरातली बंदिस्त चित्रपटगृहे होती. लहान मुले असलेल्या कुटुंबांना ड्राइव्ह-इन सोयीचे वाटत राहिले, कारण मूल रडले तर ते गाडीतच रडे आणि झोपले तर मागच्या सीटवर झोपे.

या धंद्याचा घात केला तो मुख्यतः जमिनीने. मालकांनी गावाबाहेर, हमरस्त्यालगत स्वस्तात जमिनी घेतल्या होत्या. शहरे वाढत वाढत तिथपर्यंत आली आणि जमिनीचे भाव असे चढले की वर्षभर तिकिटे विकून जे मिळायचे त्याच्या कितीतरी पट रक्कम जमीन विकून एकाच वेळी हाती येऊ लागली. ड्राइव्ह-इनला जमीन लागते एकरांच्या हिशेबाने, पण ती कामाला येते रात्रीचे काही तासच, आणि थंडीच्या प्रदेशात तर वर्षातले निम्मे महिनेच. दुकानाची, गोदामाची किंवा घरांची जमीन दिवसभर पैसे मिळवते. अनेक मालकांनी दिवसा तिथे जुन्या वस्तूंचे बाजार भरवले आणि काहींचे तर चित्रपटापेक्षा बाजारावरच अधिक भागू लागले.

त्यात १९६६ च्या कायद्याने उन्हाळ्यात घड्याळे तासभर पुढे करण्याची पद्धत जवळजवळ देशभर एकसारखी झाली. ज्या मोसमावर हा धंदा तगून होता, त्याच मोसमात अंधार तासभर उशिरा पडू लागला. रात्री नऊला सुरू होणाऱ्या खेळाला शाळकरी मुले घेऊन कोण जाणार? दुसरा खेळ लावावा तर मध्यरात्र उलटून जाई. पुढे १९७३ चे तेलसंकट, लहान झालेल्या गाड्या, व्हिडिओ कॅसेट आणि मल्टिप्लेक्स यांनी उरलेसुरले काम केले. २०१३ च्या आसपास चित्रपट कंपन्या फिल्मची रिळे बंद करून डिजिटल प्रतींकडे वळल्या, तेव्हा हजारो डॉलरचा नवा प्रोजेक्टर घेणे अनेकांच्या आवाक्याबाहेरचे होते. त्या वर्षी होंडा कंपनीने लोकांची मते मागवून काही ड्राइव्ह-इनना असे प्रोजेक्टर भेट दिले होते. तरीही बरीच ठिकाणे त्या टप्प्यावर मिटली. आज अमेरिकेत तीनशेच्या आसपास उरली आहेत.

प्रश्न : २०२० मधले पुनरुज्जीवन खरे होते की वर्तमानपत्रांनी रंगवलेले?

उत्तर : गर्दी खरी होती. बंद सभागृहांना टाळे लागले असताना काही आठवडे अमेरिकेतील तिकीटविक्री जवळजवळ ड्राइव्ह-इनवरच चालली होती, आणि नवे चित्रपट प्रदर्शित होत नसल्याने दोन-तीन दशकांपूर्वीचे चित्रपट उत्पन्नाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर दिसत होते. ऑगस्ट २०२० मध्ये वॉलमार्टने आपल्या १६० दुकानांच्या वाहनतळांवर पडदे उभारले. युरोपात लिथुआनियाच्या राजधानीत, विल्नियसमध्ये, विमाने थांबलेल्या विमानतळावरच गाड्या लावून चित्रपट दाखवले गेले. प्रार्थनासभा, गाण्याचे कार्यक्रम, पदवीदान समारंभ असे सगळे वाहनतळांवर आले आणि टाळ्यांची जागा हॉर्नने घेतली.

पण पुनरुज्जीवन हा शब्द आम्ही जपून वापरू. लोक आले ते दुसरा मार्ग नव्हता म्हणून. सभागृहे उघडल्यावर बहुतेकांची पावले पुन्हा तिकडे वळली. जमिनीचे गणित तर मधल्या काळातही बदलले नव्हते. कॅलिफोर्नियातील मोंटक्लेअर येथील मिशन टिकी या नावाजलेल्या ड्राइव्ह-इनची जमीन साथीच्या आधीच विकली गेली होती. साथीच्या काळातल्या गर्दीनंतरही जानेवारी २०२३ मध्ये ते बंद झालेच. याउलट पेनसिल्व्हेनियातील ऑरफील्ड गावचे शँकवायलर्स १९३४ पासून चालू आहे. टिकून राहिलेल्या ठिकाणांकडे पाहिले तर बहुधा जमीन आधीपासून घरची, जागा शहराच्या वाढीपासून दूर आणि खाण्यापिण्याच्या दुकानाची विक्री चांगली, असे दिसते. यातले शेवटचे फार महत्त्वाचे आहे. तिकिटाच्या पैशातला मोठा वाटा चित्रपट कंपनीकडे जातो, मालकाचे पोट भरते ते पॉपकॉर्न आणि शीतपेयांवर. घरून डबा आणणाऱ्या गाडीकडून काही ठिकाणी वेगळे शुल्क घेतात ते याच कारणाने. प्रेक्षकांना ते खटकते, पण ते शुल्क द्यावे असेच आम्ही सांगू.

प्रश्न : ड्राइव्ह-थ्रू ही ड्राइव्ह-इनचीच सुधारलेली आवृत्ती आहे का?

उत्तर : दोन्हींत माणूस गाडीतून उतरत नाही, साम्य तेवढेच. ड्राइव्ह-इनमध्ये गाडी जितकी थांबेल तितके बरे, ड्राइव्ह-थ्रूमध्ये ती जितक्या लवकर निघेल तितके बरे. म्हणूनच पहिल्याला जमीन महाग पडली आणि दुसऱ्याने त्याच महाग जमिनीवर पैसे कमावले. एका अरुंद मार्गिकेतून दिवसभरात शेकडो गाड्या जातात, आणि आत बसायला जागा फारशी द्यावी लागत नाही.

इतिहासही निराळा आहे. १९२१ मध्ये डॅलस येथे पिग स्टँड नावाच्या उपाहारगृहाने गाडीपाशी येऊन खाणे देणारे वाढपी ठेवले. १९३० मध्ये सेंट लुईसच्या ग्रँड नॅशनल बँकेने गाडीतूनच व्यवहार करता येईल अशी खिडकी उघडली. १९४८ मध्ये कॅलिफोर्नियात इन-अँड-आउट या उपाहारगृहाने दुतर्फा बोलता येणारा स्पीकर बसवला आणि वाढप्याची गरजच संपवली. मॅकडोनाल्ड्स या बाबतीत उशिरा आले. १९७५ मध्ये अॅरिझोनातील सिएरा व्हिस्टा येथे त्यांनी अशी पहिली खिडकी उघडली. जवळच्या लष्करी तळावरील सैनिकांना कामाच्या गणवेशात बाहेर गाडीतून उतरण्याची मनाई होती, त्यामुळे भिंत फोडून खिडकी काढणे हाच उपाय उरला.

साथीच्या काळात याच व्यवस्थेने दुकानांना तारले. दक्षिण कोरियाने फेब्रुवारी २०२० मध्ये तिचा वापर करोनाच्या तपासणीसाठी केला. प्रत्येक जण आपापल्या गाडीत असल्याने दोन रुग्णांच्या मध्ये खोली निर्जंतुक करण्यात जाणारा वेळ वाचला, आणि ही पद्धत नंतर इतर देशांनी उचलली. तेव्हापासून उपाहारगृहांनी मार्गिका दोन-दोन केल्या, रांगेत चालत जाऊन टॅब्लेटवर मागणी घेणारे कर्मचारी नेमले. टाको बेल या उपाहारगृहांच्या साखळीने २०२२ मध्ये मिनेसोटात चार मार्गिकांची इमारत बांधली असून तिथे स्वयंपाकघर वर आहे आणि पदार्थ छोट्या लिफ्टने खाली येतात. सगळेच प्रयोग जमले असे मात्र नाही. मागणी यंत्राने ऐकून घ्यावी हा मॅकडोनाल्ड्सने आयबीएम या संगणक कंपनीबरोबर चालवलेला प्रयोग २०२४ मध्ये थांबवला.

प्रश्न : जिथे वाहने डावीकडून चालतात तिथे ही रचना बदलते का?

उत्तर : होय, आरशात दिसावी तशी उलटी होते. खिडकी चालकाच्या बाजूला हवी, म्हणून अमेरिकेत गाडी इमारतीभोवती घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरते आणि डावीकडून वाहने चालणाऱ्या देशांत घड्याळाच्या दिशेने.

प्रश्न : ज्याच्याकडे गाडी नाही त्याने काय करायचे? ही सोय इतरांची गैरसोय करून तर उभी राहत नाही?

उत्तर : बऱ्याच ठिकाणी तसेच होते. रात्री आतले दालन बंद करून फक्त मार्गिका चालू ठेवतात तेव्हा पायी आलेल्या माणसाला सुरक्षिततेचे कारण सांगून परत पाठवले जाते. गाड्यांची रांग रस्त्यावर येते, पदपथ ओलांडणाऱ्यांना वाट राहत नाही, चालू इंजिनांचा धूर होतो तो वेगळाच. मिनिॲपोलिस शहराने २०१९ मध्ये नव्या ड्राइव्ह-थ्रूंना बंदी केली ती अशाच कारणांनी.

दुसरी बाजूही आहे. चालताना त्रास होणारे, तान्हे मूल झोपलेले पालक, ताप अंगात असताना औषध घ्यायला निघालेला रुग्ण यांना ही खिडकी वरदान वाटते. पण स्पीकरवर बोलता-ऐकता न येणाऱ्या बहिऱ्या ग्राहकाची तिथेच अडवणूक होते. आमचे मत असे की औषधाच्या दुकानाला मार्गिका असणे समजण्याजोगे आहे, परंतु पायी वर्दळ असलेल्या वस्तीत खाण्याच्या दुकानाला ती देऊ नये, आणि जिथे दिली असेल तिथे आतले दालन उघडे असेपर्यंतच ती चालवण्याची अट घालावी.

प्रश्न : आमच्या कुटुंबाची मोकळी जमीन आहे. नवे ड्राइव्ह-इन काढणे परवडेल का?

उत्तर : जमीन विकत घेऊन काढणार असाल तर नाही असेच सांगू. घरचीच असेल तर आधी एका मोसमापुरता तात्पुरता पडदा उभारून पाहावा. त्यापूर्वी अमावास्येच्या आसपास एका रात्री जागेवर जाऊन शेजारच्या रस्त्याचे आणि इमारतींचे दिवे पडद्याच्या जागेवर किती पडतात ते तपासावे, कारण उघड्यावर काळा रंग काळा दिसण्यासाठी भोवती अंधारच लागतो आणि महागड्या प्रोजेक्टरनेही ती उणीव भरून निघत नाही. कमी शक्तीच्या एफएम प्रक्षेपणासाठी स्थानिक नियम पाहावेत, पाऊस पडल्यावर गाड्या चिखलात रुतणार नाहीत इतका निचरा आहे का ते पाहावे, आणि दिवसा त्या जागेवर दुसरे काय चालवता येईल याचा विचार पडदा घेण्याआधी करावा.