ॲट्रिब्यूट ही उपाधी, गुणधर्म नव्हे

विचारणा अशी आहे: जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीतलं ‘रिमूव्हॲट्र’ हे फंक्शन वेबपानावरच्या घटकाच्या (एलिमेंटच्या) एचटीएमएल टॅगमध्ये लिहिलेला ॲट्रिब्यूट काढतं; त्याचं काम मराठीत सांगताना ‘गुणधर्म काढणे’ म्हणावं की ‘गुणविशेष काढणे’? आणि ॲट्रिब्यूट तो की ते?

‘गुणधर्म’ तर मुळीच नको. प्रॉपर्टी (ब्राउझर त्या घटकाची जी चालू स्थिती जवळ ठेवतो ती) म्हणजे गुणधर्म आणि ॲट्रिब्यूट म्हणजेही गुणधर्म, हे ऐकून ऐकून कान किटले. दोन्ही एकच असते तर २०११ साली १.६ आवृत्तीत जेक्वेरीला प्रॉपर्टी वाचायला-बदलायला ‘प्रॉप’ हे वेगळं फंक्शन द्यावं लागलं नसतं. धर्म हा ‘धृ’ धातूपासून आला, वस्तूने जो धारण केला तो. उष्णता हा अग्नीचा धर्म. ती काढली तर अग्नीच उरत नाही. ॲट्रिब्यूट काढला तरी एलिमेंट जागेवरच असतं.

नेमका शब्द आपल्याकडे आयता आहे: उपाधी. उप, आ आणि ‘धा’ धातू, म्हणजे जवळ आणून ठेवलेलं. वेदान्तातला दृष्टान्त पाहा. स्फटिकाजवळ जास्वंद ठेवली की तो तांबडा दिसतो. फूल उचललं की जसा होता तसा. बटण बंद ठेवणारा ‘डिसेबल्ड’ ॲट्रिब्यूट हुबेहूब असाच. तो नुसता असला तरी पुरे, किंमत ‘फॉल्स’ लिहिली तरी बटण बंदच. रिमूव्हॲट्रने उचलला की चालू. बोलीतही पदवी ती उपाधी आणि मागे लागलेलं लचांड तीही उपाधीच, कारण दोन्ही बाहेरून चिकटतात. इतका नेटका शब्द असताना परिभाषाकार ‘गुणविशेष’ का घडवतात, मला कळत नाही. त्यात पुन्हा गुण आलाच!

यावर हमखास आक्षेप येतो तो चेकबॉक्सच्या चौकटीत खूण दाखवणाऱ्या ‘चेक्ड’चा: उपाधी काढली तरी बरोबरची खूण का राहते? कारण ‘चेक्ड’ ॲट्रिब्यूट फक्त सुरुवातीची स्थिती सांगतो. वापरणाऱ्याने चौकटीवर एकदा क्लिक केलं की पुढचा हिशेब प्रॉपर्टीकडे. पूर्वी रिमूव्हॲट्र ती प्रॉपर्टीही ‘फॉल्स’ करून टाकायचं, ३.० आवृत्तीपासून ते थांबलं, आणि योग्यच झालं. खूण घालवायची तर ‘प्रॉप’ वापरा. हा फरक ‘गुणधर्म’ या एका शब्दात कसा मावणार?

लिंगाचं म्हणाल तर ‘तो’ आणि ‘ते’ दोन्ही कानावर येतात; मी ‘तो’ लिहितो. उपाधी मराठीत स्त्रीलिंगी, संस्कृतात मात्र पुल्लिंगी.