248 दिवसांनी बंद पडणारं विमान आणि पीएच.डी.चा विषय

वाचकाचा प्रश्न: मी चिंचवडच्या एका कंपनीत गाड्यांच्या ईसीयूसाठी (गाडीचे भाग चालवणाऱ्या छोट्या संगणकासाठी) फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, लिहितो. आमच्याकडे टेस्टिंग कसून होतं. मग सॉफ्टवेअरच्या विश्वासार्हतेवर पीएच.डी. करण्याजोगं उरतं काय?

उत्तर: भरपूर उरतं. 2015 साली अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेने बोइंग 787 विमानांसाठी एक आदेश काढला. वीजपुरवठा सलग 248 दिवस चालू राहिला, तर जनरेटर सांभाळणाऱ्या कंट्रोल युनिटमधला सॉफ्टवेअर काउंटर ओव्हरफ्लो होतो (मावेल त्यापुढे जाऊन उलटतो) आणि युनिट फेलसेफ मोडमध्ये जातं, म्हणजे सुरक्षेसाठी काम थांबवतं. चारही मुख्य युनिट एकाच वेळी सुरू केलेली असतील तर चारही एकदमच जातात, आणि विमानातला सगळा एसी वीजपुरवठा तुटतो. हे उघड झालं तेव्हा ही विमानं तीन वर्षांहून जास्त काळ प्रवासी नेत होती.

248 हाच आकडा का, ते स्वतः करून पाहा. सेकंदाचा शंभरावा भाग मोजणारा 32 बिटांचा साइन्ड (उणे संख्याही धरणारा) काउंटर घ्या. त्यात मावणाऱ्या सर्वात मोठ्या संख्येला, म्हणजे 2,14,74,83,647 ला, आधी 100 ने, मग 86,400 ने (एका दिवसाचे सेकंद) भागा. उत्तर येतं 248 दिवस आणि वर साधारण तेरा तास.

तुमच्या टेस्ट बेंचवर ईसीयू इतके दिवस सलग चालतो का? म्हणूनच कोड न चालवता, नुसता तपासून, 'असं कधीच होणार नाही' हे सिद्ध करण्याच्या पद्धती लागतात. 'आत्ताची वेळ मुदतीच्या पुढे गेली का?' अशी थेट तुलना करणारी ओळ काउंटर उलटला की चुकते. अनसाइन्ड (उणे संख्या न धरणारा) काउंटर ठेवून 'सुरुवातीपासून किती वेळ गेला' ही वजाबाकी केली, तर काउंटर एकदा उलटला तरी उत्तर बरोबर येतं. फरक एका ओळीचा, पण लाखो ओळींत अशा जागा हुडकायच्या आणि खोट्या इशाऱ्यांचा ढीगही होऊ द्यायचा नाही, हे काम अजून पुरतं सुटलेलं नाही. टीसीएसच्या पुण्यातल्या टीआरडीडीसी या संशोधन केंद्रात आणि आयआयटी मुंबईत यावर बरीच वर्षं काम चालू आहे. त्यांचे पेपर आधी वाचा.

प्रश्न: गाइड म्हणतात, सुरक्षितता (हल्ल्यांपासून बचाव) किंवा विश्वासार्हता, एकच विषय धर. पटत नाही.

उत्तर: मलाही पटत नाही. 2015 मध्येच चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या सुरक्षा संशोधकांनी धावत्या जीपचा ताबा इंटरनेटवरून घेऊन दाखवला. त्यानंतर 14 लाख गाड्यांसाठी रिकॉल निघाला. गाडीच्या आतल्या कॅन बसवर (ईसीयूंना जोडणाऱ्या सामायिक तारेवर) संदेश कोणी पाठवला याची खातरजमा होत नाही. आत शिरलेला कोणीही ब्रेकच्या नावाने बोलू शकतो. मग प्रत्येक संदेशाला ओळखीचा कोड जोडू म्हटलं, तर क्लासिक कॅनच्या एका फ्रेममध्ये (एका संदेशात) डेटाला जागा मिळते फक्त 8 बाइट. त्यातले 4 कोडला गेले तर उरलं काय? शिवाय तो कोड तपासायला वेळ लागतो, आणि ब्रेकचा संदेश मिलिसेकंदांच्या मुदतीत पोचायलाच हवा. ही ओढाताण हाच माझ्या मते या क्षेत्रातला सर्वात जिवंत प्रश्न आहे. गाइडना 'दोन्ही विषय' असं सांगू नका. एक बस, एक मुदत, एक हल्लेखोर असं नेमकं चित्र कागदावर मांडून दाखवा.

प्रश्न: प्रोग्रामिंगची भाषा म्हणून सी शिकू की रस्ट?

उत्तर: दोन्ही. रस्ट मेमरीच्या बहुतेक चुका कंपाइल होतानाच अडवतं, चुकलेली मुदत मात्र अडवत नाही. आणि चालू उत्पादनांतला बहुतांश कोड सीमध्येच आहे.

प्रश्न: नोकरी सांभाळून जमेल का?

उत्तर: यूजीसीच्या 2022 च्या नियमांत अर्धवेळ पीएच.डी.ला मुभा आहे. कंपनीची एनओसी (ना-हरकत पत्र) लागते. ती मागताना एक गोष्ट लेखी घ्या: कंपनीच्या कोडवरचे निष्कर्ष छापता येतील का? बहुधा नाहीच म्हणतील. मग झेफिर किंवा फ्रीआरटीओएस या छोट्या उपकरणांच्या ऑपरेटिंग सिस्टिमसारखा खुला कोड घ्या. परीक्षकाला तोच कोड उतरवून तुमचा प्रयोग पुन्हा करता येईल.