कमी व्होल्टेजचे कर्नल : स्थिरतेची आणि बॅटरीची कसोटी

जुना फोन आणखी काही वर्षे चालावा म्हणून पर्यायी कर्नल (हार्डवेअर आणि अ‍ॅप्स यांच्यामध्ये काम करणारा अँड्रॉइडचा गाभा) बसवणाऱ्या वाचकांची पत्रे या सदराकडे नेहमी येतात. प्रोसेसरचे व्होल्टेज कारखान्याने ठरवलेल्या आकड्याखाली आणण्याविषयीचे, म्हणजेच अंडरव्होल्टिंगचे, प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. बहुतेक पत्रांत २०१३ सालच्या नेक्सस ५ चा उल्लेख असल्याने उदाहरणेही त्याच फोनची दिली आहेत.

प्रश्न : माझ्या आतेभावाने आपल्या नेक्सस ५ मध्ये प्रोसेसरच्या वेगाच्या सर्व पायऱ्यांवरचे व्होल्टेज ७५ मिलिव्होल्टने उतरवले आहे आणि त्याचा फोन उत्तम चालतो. तेच कर्नल आणि तेच आकडे माझ्या नेक्सस ५ मध्ये घातले, तर खिशात ठेवल्यावर थोड्याच वेळात तो निपचित पडतो. पॉवरचे बटण बराच वेळ दाबून धरल्याशिवाय जागा होत नाही. माझ्या फोनमध्ये दोष आहे का? — एक वाचक, अकोला

उत्तर : आपल्या फोनमध्ये दोष असण्याचे कारण नाही. सिलिकॉनच्या एकाच चकतीतून निघालेल्या चिप्समध्येही ट्रान्झिस्टरच्या घडणीत सूक्ष्म फरक राहतो. काही चिप्स ठरलेला वेग कमी व्होल्टेजवर गाठतात, तर काहींना त्यासाठी जास्त व्होल्टेज लागते. म्हणून प्रत्येक चिप कारखान्यात तपासून तिचा गट तिच्यातच कायमचा नोंदवला जातो. क्वालकॉमच्या चिप्समध्ये या व्यवस्थेला प्रोसेस व्होल्टेज स्केलिंग, थोडक्यात पीव्हीएस, म्हणतात. नेक्सस ५ मधील स्नॅपड्रॅगन ८०० चा गट कर्नल सुरू होतानाच वाचते आणि त्यानुसार व्होल्टेजचा तक्ता निवडते. फोन सुरू झाल्यावर लगेच कर्नलची नोंदवही काढून तिच्यात पीव्हीएस हा शब्द शोधावा, म्हणजे आपला गट कळेल. आतेभावाचा गट वेगळा निघाला, तर दोघांनी ७५ मिलिव्होल्ट वजा केले असले तरी मुळातले आकडेच वेगळे होते. गट एकच निघाला तरीही दोन चिप्स तंतोतंत सारख्या नसतात. कारखान्याने उष्णता, चिपचे वय आणि अचानक वाढणारा भार यांच्यासाठी जी राखीव जागा ठेवलेली असते, तिच्यातूनच आपण हे व्होल्टेज काढतो, आणि ती जागा प्रत्येक चिपमध्ये निराळी असते.

फोन नेमका खिशात का झोपतो, याचे कारण बहुधा सरसकट वजाबाकीत आहे. या फोनचा प्रोसेसर ३०० मेगाहर्ट्झपासून २२६५.६ मेगाहर्ट्झपर्यंत चौदा पायऱ्यांवर चालतो. खालच्या पायऱ्यांवर व्होल्टेज आधीच कमी असते, त्यामुळे तेथे ७५ मिलिव्होल्टचा घाव प्रमाणाने मोठा बसतो. पडदा बंद असताना प्रोसेसर याच पायऱ्यांवर असतो आणि पुन:पुन्हा झोपतो व उठतो. उठण्याच्या क्षणी विजेची मागणी एकदम वाढते आणि व्होल्टेज क्षणभर आणखी खचते. तेव्हा खालच्या तीन-चार पायऱ्या मूळ आकड्यांवर न्याव्यात आणि मधल्या व वरच्या पायऱ्यांवरच प्रयोग करावा. त्यात फारसे नुकसान नाही. चिपमध्ये स्विचिंगसाठी खर्च होणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे १००० मिलिव्होल्टचे ९५० केल्यास त्याच वेगाला सुमारे १० टक्के वीज वाचते. परंतु खालच्या पायऱ्यांवर मुळात खर्चच थोडा असतो आणि गाढ झोपेत कोरचा (प्रोसेसरमधील स्वतंत्र गणन-विभागाचा) वीजपुरवठा तोडलेला असतो. तेथे वाचवण्यासारखे फार काही उरत नाही.

प्रश्न : कमी व्होल्टेजचे कर्नल घालून तीन दिवस झाले, फोन एकदाही रीबूट झालेला नाही. आता तो स्थिर आहे असे मानावे का? नसल्यास चाचणी कशी घ्यावी? — एक वाचिका, पुणे

उत्तर : मानू नये. या विषयात सर्वांत जास्त फसगत याच ठिकाणी होते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. व्होल्टेज अपुरे पडले की ट्रान्झिस्टर मंदावतात आणि घड्याळाचा पुढचा ठोका पडण्याआधी एखाद्या मंडलातील उत्तर तयार होत नाही; तरीही जे अर्धवट उत्तर असेल तेच पुढे घेतले जाते. ते उत्तर कर्नलच्या एखाद्या पत्त्यात असेल तर फोन कोसळतो आणि आपल्याला कळते. ते एखाद्या छायाचित्राच्या किंवा संदेशांच्या डेटाबेसच्या मजकुरात असेल, तर फोन शांतपणे चालू राहतो आणि चुकीचा मजकूर साठवला जातो. २०१७ मध्ये अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘क्लॉकस्क्रू’ या नावाने दाखवलेला हल्ला याच तत्त्वावर उभा होता. त्यांनी नेक्सस ६ च्या प्रोसेसरची फ्रीक्वेन्सी आणि व्होल्टेज सुरक्षित मर्यादेबाहेर नेऊन, फोन चालू असतानाच, नेमक्या जागी गणित चुकवले आणि ट्रस्टझोन या, इतर सॉफ्टवेअरपासून वेगळ्या ठेवलेल्या, संरक्षित भागातील गुप्त किल्ली बाहेर काढली. फोन न कोसळता गणित चुकू शकते, याचा याहून स्पष्ट पुरावा नको. म्हणून चाचणी फोन चालू राहण्याची नव्हे, तर उत्तर बरोबर येण्याची घ्यावी.

आधी सर्व छायाचित्रे आणि कागदपत्रे फोनबाहेर काढून ठेवावीत. नवे कर्नल लगेच फ्लॅश न करता, म्हणजे फोनमध्ये कायमचे न लिहिता, फास्टबूटमधून (संगणकावरून फोनला आज्ञा देण्याच्या सोयीतून) तात्पुरते बूट करता येते. नेक्सस ५ मध्ये ही सोय आहे आणि बिघाड झाल्यास एका रीबूटमध्ये जुने कर्नल परत मिळते. व्होल्टेज बदलण्याच्या अ‍ॅपमधील ‘सेट ऑन बूट’ हा पर्याय चाचणी संपेपर्यंत बंदच ठेवावा, नाहीतर चुकीचा आकडा प्रत्येक वेळी पुन्हा लागू होऊन फोन सुरू होण्याच्या फेऱ्यातच अडकतो.

त्यानंतर एका वेळी एकच पायरी घ्यावी. समजा, १४९७.६ मेगाहर्ट्झची पायरी तपासायची आहे. कोर आपोआप बंद-चालू करणारी एमपीडिसिजन ही सेवा थांबवावी, चारही कोर चालू ठेवावेत आणि किमान व कमाल वेग दोन्ही १४९७.६ वर बांधून टाकावेत. शंभर-दोनशे मेगाबाइटची एक फाइल संगणकावर घेऊन तिचा शा-२५६ चेकसम (मजकुरावरून गणिताने निघणारी, ठशासारखी ओळ) काढून लिहून ठेवावा. तीच फाइल फोनच्या रॅममध्ये ठेवून प्रत्येक कोरवर स्वतंत्रपणे, टास्कसेट या आज्ञेने त्या कोरला बांधून, तिचा चेकसम पुन:पुन्हा काढत राहावा आणि प्रत्येक उत्तर संगणकावरच्या उत्तराशी आपोआप ताडून पाहणारी छोटी स्क्रिप्ट लिहावी. चौसष्ट अक्षरांची ती ओळ शेकडो वेळा अगदी तशीच येत राहते. व्होल्टेज १०-१० मिलिव्होल्टने उतरवत गेल्यावर एका टप्प्यावर कोणत्यातरी एका कोरची ओळ पूर्णपणे वेगळी येते, आणि त्या वेळी फोन मात्र काही घडलेच नाही अशा थाटात चालू असतो. ती पायरी त्या आकड्यावर नापास झाली. चारही कोरना तक्ता एकच असल्यामुळे सर्वांत दुबळ्या कोरचा निकाल अंतिम मानावा आणि नापास आकड्यापासून किमान २५ मिलिव्होल्ट वर यावे. फाइल मुद्दाम रॅममध्ये ठेवायला सांगितले, कारण स्टोरेजमधून वाचताना प्रोसेसरचा बराच वेळ वाट पाहण्यात जातो आणि भार खरा राहत नाही.

चेकसममध्ये पूर्णांकांचीच गणिते असतात. दशांशाची आणि निऑन या व्हेक्टर विभागाची गणिते करणारा, आपले उत्तर आपणच तपासणारा दुसरा भार त्यानंतर चालवावा. ग्राफिक्सच्या चिपचे व्होल्टेज निराळे असल्यामुळे तिची चाचणी या चाचणीत धरू नये.

येथे आणखी एका गोष्टीकडे लक्ष असावे. फोन तापला की उष्णता-नियंत्रण कमाल वेग खाली ओढते, आपण २२६५.६ तपासत आहोत अशा समजुतीत असतो आणि प्रोसेसर प्रत्यक्षात कितीतरी खाली चालत असतो. कर्नलमधील ‘टाइम_इन_स्टेट’ या फाइलमध्ये प्रत्येक वेगावर किती वेळ गेला ते लिहिलेले असते. चाचणीच्या आधी आणि नंतर ती वाचून वजाबाकी केल्याशिवाय निकाल धरू नये. विदर्भातल्या मे महिन्यात तर ही वजाबाकी टाळूच नये.

बांधलेल्या वेगावर पास झालेला तक्ता वेग बदलताना नापास होऊ शकतो. म्हणून शेवटी नेहमीचा गव्हर्नर (भार पाहून वेग ठरवणारा कर्नलचा भाग) परत लावून काही सेकंद भार, काही सेकंद विश्रांती असा क्रम दोन-तीन तास चालवावा, आणि मग चार्जर काढून, पडदा बंद करून, काही मिनिटांच्या अंतराने फोनला उठवणारा गजर लावून रात्र जाऊ द्यावी. फोन कोसळलाच, तर सुरू झाल्याबरोबर आधीच्या कर्नलची अखेरची नोंद वाचावी. जुन्या कर्नलमध्ये ती ‘लास्ट_केएमएसजी’ या फाइलमध्ये आणि नंतरच्या कर्नलमध्ये पीस्टोअरच्या ‘कन्सोल-रॅमूप्स’मध्ये मिळते. ती रॅममध्ये राखलेली असल्याने वीज पूर्ण तुटली की पुसली जाते, आणि पुढच्या रीबूटला तिच्या जागी नवी नोंद येते.

प्रश्न : उन्हाळ्यात येथे पूर्णपणे स्थिर असलेला माझा फोन जानेवारीत बसथांब्यावर उभा असताना दोनदा बंद पडला. थंडीत तर चिपला सोपे जायला हवे ना? — एक वाचक, टोरांटो

उत्तर : विजेच्या गळतीपुरते आपले म्हणणे बरोबर आहे, थंडीत गळती कमी होते. मात्र व्होल्टेज बरेच खाली असेल, तर आजच्या सूक्ष्म ट्रान्झिस्टरचे वागणे उलटते आणि ते थंडीत अधिक मंद होतात. उच्च व्होल्टेजवर उष्णता त्यांना मंदावते, कमी व्होल्टेजवर गारठा. अंडरव्होल्टिंग करणारा नेमका या दुसऱ्या प्रदेशात शिरतो, म्हणून त्याने खालच्या पायऱ्यांची परीक्षा थंडीतही घ्यायला हवी. याबरोबर दुसरी शक्यता तपासावी : लिथियम-आयन बॅटरीचा अंतर्गत रोध गारठ्यात वाढतो आणि जुनी बॅटरी अचानक आलेल्या भाराखाली खचून फोन बंद पडतो. मूळ व्होल्टेजचे कर्नल घालून त्याच बसथांब्यावर फोन बंद पडला, तर दोष बॅटरीचा आहे. तक्त्यात बदल करत बसू नये.

प्रश्न : एका कर्नलच्या माहितीत बॅटरी दीडपट टिकेल असे लिहिले आहे. हे शक्य आहे का? मोजण्यापूर्वी बॅटरी स्टॅट्स पुसावेत का? — एक वाचक, सांगली

उत्तर : केवळ व्होल्टेज कमी करून दीडपट होत नाही. साधा हिशेब पाहू. दिवसभराच्या खर्चापैकी एक चतुर्थांश प्रोसेसरच्या कोरचा आहे असे धरले आणि त्यात १० टक्के वाचले, तर एकूण बचत अडीच टक्के होते. नेक्सस ५ च्या २३०० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीत ती ५८ मिलिअँपिअर-तासांच्या आसपास भरते आणि चौदा तास टिकणारा फोन वीसेक मिनिटे जास्त टिकतो. २०१० मध्ये कॅरोल आणि हायझर यांनी ओपनमोको फ्रीरनर हा फोन उघडून त्याच्या भागाभागाची वीज मोजली, तेव्हा पडद्यामागचा दिवा आणि जीएसएम रेडिओ हेच मोठे खर्चिक निघाले. रेंज नसलेल्या गावात फोन लवकर उतरतो, तो त्यामुळेच. प्रोसेसरच्या व्होल्टेजचा त्यावर इलाज नाही.

वीस मिनिटांचा फरक रोजच्या वापरातून कधीही दिसणार नाही, कारण दोन दिवसांच्या वापरातला फरकच त्याहून मोठा असतो. शिवाय पर्यायी कर्नलमध्ये गव्हर्नर, कोर बंद करण्याची पद्धत आणि पडदा बंद असतानाचा कमाल वेगही बदललेला असतो. फायदा झाला तरी तो कशामुळे झाला हे सांगता येत नाही. यासाठी एकच कर्नल घेऊन एकदा मूळ व्होल्टेजवर आणि एकदा उतरवलेल्या व्होल्टेजवर, असे आलटून पालटून किमान दोन-दोनदा मोजावे. विमान मोड, पडद्याचा ठरलेला उजेड, तेच तापमान आणि दर मिनिटाला ठरावीक गणित करणारी स्क्रिप्ट असा भार ठेवावा. व्हिडिओ लावून मोजू नये. तो वेगळ्या डिकोडरवर चालतो आणि कोर बहुतांश वेळ रिकामे बसतात. या फोनमधली बॅटरी मोजणारी चिप बाहेर जाणारा प्रवाह थेट मोजत नाही, बॅटरीचे व्होल्टेज पाहून टक्केवारीचा अंदाज करते, म्हणून १०० ते शून्य न मोजता ९० ते २० टक्के या पट्ट्यात लागलेला वेळ धरावा. मूळ व्होल्टेजच्या दोन मोजण्यांतच जेवढा फरक निघेल, त्याहून मोठा फरक उतरवलेल्या व्होल्टेजने दिला, तरच तो फायदा मानावा.

बॅटरी स्टॅट्स पुसण्याचा टक्केवारीशी संबंध नाही. अँड्रॉइडच्या अभियंता डायॅन हॅकबॉर्न यांनी जानेवारी २०१२ मध्येच खुलासा केला होता की त्या फाइलमध्ये कोणत्या अ‍ॅपने किती वीज वापरली याचीच नोंद असते. मोजणीच्या सुरुवातीला नोंद कोरी असावी म्हणून ती जरूर पुसावी. बॅटरी जास्त टिकेल म्हणून पुसू नये.

प्रश्न : माझ्या नव्या फोनमध्येही हे करता येईल का? — एक वाचिका, ठाणे

उत्तर : क्वालकॉमच्या बाबतीत, २०१८ च्या फोनांत आलेल्या स्नॅपड्रॅगन ८४५ पासून कोरचा वेग आणि व्होल्टेज एक स्वतंत्र हार्डवेअर सांभाळते, कर्नल फक्त कोणती पातळी हवी ते सांगते. त्यामुळे कोरचा तक्ता पूर्वीसारखा हाती लागत नाही. चिप चालू असतानाच स्वतःची गरज पाहून व्होल्टेज उतरवण्याची सोयही क्वालकॉमने चिपमध्येच केलेली आहे. आपण हाताने जे साधू पाहतो त्यातले बरेचसे तेथे आधीच झालेले असते. उलट कर्नल बदलण्यासाठी बूटलोडर (फोन सुरू करणारा कुलूपबंद प्रोग्राम) उघडताना फोनमधला सर्व डेटा पुसला जातो आणि त्यानंतर बँकांची व यूपीआयची अनेक अ‍ॅप्स चालण्यास नकार देतात. ज्या फोनवरून आपण रोज पैसे पाठवता, त्यावर हा प्रयोग करू नये; घरात जुना फोन पडून असेल, तर त्यावर करावा.