आधी नाव ठरव, अक्षरं मग

*"मावशी, मुलगा सव्वा महिन्याचा झाला आणि अजून नाव नाही. मला 'ईशान' हवं, नवऱ्याला 'ऋत्विज'. मी म्हणते, ऋत्विजचं इंग्रजी स्पेलिंग जन्मभर चुकणार, त्यापेक्षा ईशान सोपं. नणंद अंकशास्त्र बघते. ती म्हणते, ईशान ठेवायचं तर बेरीज 3 यायला हवी, म्हणून स्पेलिंगमध्ये दोन 'एच' आणि दोन 'ए' घाला. सासूबाई म्हणतात, 'ईशान' की 'इशान' तेवढं तरी नक्की करा. माझ्या स्वतःच्या नावाची दोन कागदांवर दोन स्पेलिंगं आहेत. त्यापायी मी भरपूर हेलपाटे घातलेत, बाळाच्या नशिबी ते नकोत. नवरा हल्ली या विषयावर बोलतच नाही. फॉर्म टेबलावर तसाच पडलाय. काय करू?*
*— झोप उडालेली आई"*

अगं, सासूबाईंपासून सुरुवात करते. या सगळ्या गोंधळात सरळ उत्तर असलेला प्रश्न तेवढा एकच आहे. ईशान. ई दीर्घच. 'ईश'मधला तोच ई. ईशान म्हणजे स्वामी, शंकराचं एक नाव. ईशान्य दिशा लिहिताना आपला हात चुकत नाही, मग नाव लिहिताना का चुकावा? संस्कृतातून जसंच्या तसं आलेलं नाव असलं की आतले ऱ्हस्व-दीर्घ मुळाप्रमाणे ठेवायचे. फक्त शेवटचा इकार-उकार मराठीत दीर्घ होतो. म्हणून संस्कृतातला 'रवि' 1962च्या शुद्धलेखनाच्या नियमांनुसार आपल्याकडे 'रवी' झाला. ऋत्विजचंही तसंच. मुळात तो 'ऋत्विज्', पाय मोडलेला. मराठीत पाय मोडायची गरज नाही. थोडक्यात, देवनागरीत दोन्ही नावं एकेकाच रीतीने लिहिता येतात. तिथे मतदान घेऊ नका.

रोमन अक्षरांचं तसं नाही. तिथे बरोबर असं काही नसतंच, रुळलेलं आणि न रुळलेलं एवढंच असतं. ऋत्विजबद्दलची तुझी भीती खोटी नाही. 'ऋ' आपण मराठी माणसं 'रु' म्हणतो, हिंदीवाले 'रि' म्हणतात. म्हणून एकाच नावाचं एक स्पेलिंग आर-यू ने सुरू होतं आणि दुसरं आर-आय ने. माझ्या स्वतःच्या नावात 'वृ' आहे. घरच्यांनी 'व्ही-आर-यू' लिहिलं, एका कचेरीतल्या कारकुनाने ते मनानेच सुधारून 'व्ही-आर-आय' केलं, आणि आज इतक्या वर्षांनीही कुठला कागद कोणत्या नावावर आहे ते मला आठवावं लागतं. तेव्हा तुझे हेलपाटे मला कळतात.

पण तुझं ईशान तरी कुठे इतकं सोपं आहे? रोमनमध्ये अ आणि आ दोघांना मिळून एकच 'ए'. पाच अक्षरांत लिहिलंस तर परका माणूस 'ईशन' वाचू शकतो. पहिलं अक्षर 'आय' दिसल्यावर एखादा इंग्रज 'आयशान' म्हणेल. ते टाळायला 'ई' अक्षराने सुरुवात केलीस तर लोक 'एशान' म्हणतील. आणि घाईत ऐकणारा 'इशांत' लिहून मोकळा होईल. दीर्घ ई दाखवायला पंडितांच्या पुस्तकांत 'आय'च्या डोक्यावर आडवी रेघ देतात, छान पद्धत आहे ती. पण पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ज्या दोन ओळी असतात, त्यांत नाव लिहायला ए ते झेड ही सव्वीसच अक्षरं चालतात, मग पासपोर्ट जगातल्या कुठल्याही देशाचा असो. रेघ नाही, टिंब नाही.

आता मला पत्रात काय दिसलं ते सांगते. रागावू नकोस. ऋत्विज नको यासाठी तू स्पेलिंगचं कारण दिलंस. ईशान का हवं यासाठीही स्पेलिंगचंच कारण दिलंस. आणि नवऱ्याला ऋत्विज का आवडतं, हे पत्रभर कुठेच नाही. विचारलंस का त्याला? माझा अंदाज असा, की त्याने नाव सांगितलं आणि दुसऱ्या मिनिटाला तू अक्षरांची अडचण मांडलीस. तो गप्प का झाला, याचं उत्तर कदाचित तिथेच असेल. तुला ते नाव आवडत नसेल तर आवडत नाही असं म्हण. बोलायला जड वाटतं, कानाला टोचतं, पुरोहिताच्या अर्थाचं नाव नको वाटतं, काहीही असो. ही कारणं चालतात. स्पेलिंगच्या आडून मारलेला नकार समोरच्याला कळतोच, आणि त्यावर वाद घालता येत नाही म्हणून जास्त लागतो.

आधी बाळ झोपलेलं असताना नवऱ्याशी बोल, कागद-पेन न घेता. दोघांनी दोन्ही नावं हाक मारल्यासारखी म्हणून बघा. रागावून, लाडाने, लांबून, आडनावासकट. ऋत्विज रागाने हाकारणं अवघड आहे, हे माझं वैयक्तिक मत. पण ते तुम्हाला ठरवू दे.

निर्णय झाल्यावर जे नाव मागे पडेल ते घरात वापरायला काही बंदी नाही. टिळकांचं ठेवलेलं नाव केशव, पण घरात 'बाळ' म्हणत आणि इतिहासात तेच गेलं. शिवाय 'बाळ' आणि 'टिळक' दोन्हींत ळ, आणि साध्या रोमन अक्षरांत ळ लिहायची सोयच नाही. तरी आपण काही त्यांना 'बाल टिलक' म्हणत नाही. हे वाक्य नवऱ्याला वाचून दाखवलंस तरी चालेल, आणि स्वतः तर दोनदा वाच.

नणंदेचं गणित मात्र मी मांडून बघितलं, कारण मला असल्या बेरजा करायला आवडतं. अंकशास्त्राच्या दोन पद्धती जास्त चालतात. खाल्डियन पद्धतीत अक्षरांना 1 ते 8 आकडे असतात, पायथागोरसच्या नावाने चालणाऱ्या पद्धतीत 1 ते 9. तिने सांगितलेलं आय-एस-एच-एच-ए-ए-एन खाल्डियन पद्धतीने 21 भरतं, म्हणजे 2 अधिक 1, 3. तिचा हिशेब बरोबर आहे. दुसऱ्या पद्धतीने मात्र तेच स्पेलिंग 33 होतं, म्हणजे 6. आणि गंमत बघ, साधं आय-एस-एच-ए-एन दोन्ही पद्धतींनी 6च येतं, एकीकडे 15 आणि दुसरीकडे 24. म्हणजे दोन अक्षरं वाढवून एका पद्धतीत आकडा बदलला, दुसरीत हेलपाटा मारून होता तिथेच आला. ऋत्विज 'आर-यू'ने लिहिलं तर एका पद्धतीत 2 आणि दुसरीत 1.

हे तिच्या तोंडावर फेकू नकोस. तिने भाच्यासाठी वेळ काढून आकडे मांडले, त्यामागे माया आहे. म्हण, "ताई, तुम्ही इतकं बघितलंत, बरं वाटलं. पण दोन 'एच' लागोपाठ आले की लोक त्यातला एक खोडणार, आणि मग कागदाकागदांवर नाव वेगळं होणार. ते मला नको." हे नवऱ्याने सांगितलं तर आणखी बरं, बहीण त्याची आहे. तिचा फारच आग्रह असेल तर दुसरा 'ए' तिच्या पदरात टाक. त्या 'ए'ला निदान काम आहे, तो 'शा'चा काना दाखवतो. दुसऱ्या 'एच'ला काहीच काम नाही.

मला विचारशील तर ईशान पाच अक्षरांत आणि ऋत्विज 'आर-यू'ने. घरात जसं बोलता तसं. पण ठरवण्याआधी एक कर. स्पेलिंग मोठ्या अक्षरांत कागदावर लिही आणि हे नाव ज्यांच्या कानावर गेलेलं नाही अशा चार-पाच जणांना वाचायला सांग, त्यांतला एकतरी मराठी नसलेला हवा. तू काही बोलू नकोस, नुसतं ऐक. मग उलट कर, कुणाला तरी फोनवर नाव सांग आणि त्याने काय लिहिलं ते बघ. दोन-तीन जण अडखळले तर दुसरं स्पेलिंग घे. एखादाच अडखळला तर सोडून दे, तो कशालाही अडखळतो.

फॉर्म भरताना देवनागरी आणि रोमन दोन्ही स्वतःच्या हाताने लिही, सुटी सुटी, मोठी अक्षरं. तोंडी सांगू नकोस. दाखला हातात आला की खिडकीपासून हलायच्या आधी अक्षर अन् अक्षर वाच, मागे रांग असली तरी. बाळाचं नाव, तुझं नाव, वडिलांचं नाव, सगळं. तुझ्या दोन स्पेलिंगांपैकी कोणतं तिथे लिहायचं ते आजच ठरव, नाहीतर तुझा घोळ त्याच्या दाखल्यावर उतरेल. पुढचा प्रत्येक कागद त्या दाखल्याची झेरॉक्स समोर ठेवूनच भरायचा, आठवणीने नाही.

आणि फॉर्म आजच्या रात्री टेबलावरून उचलून कपाटात ठेव. तो डोळ्यांसमोर असेपर्यंत तुमच्या दोघांचं बोलणं अक्षरांवरच घसरणार.

काय ठरलं ते कळव, देवनागरीत.

— तुझी मावशी