वाचकांचे प्रश्न : जुनी रोटरी गाडी, तिचे प्लग आणि कॉइल

या वेळची बहुतेक पत्रं माझ्दाच्या आरएक्स-८ बद्दल आहेत, एक जुन्या आरएक्स-७ चं आहे. दोन्हींत रोटरी इंजिन आहे, म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतात. इंजिन दमलंय की नुसती ठिणगी (म्हणजे प्लग किंवा त्याला वीज पुरवणारी कॉइल) कमजोर झालीय, ही शंका जवळपास प्रत्येक पत्रात आहे. म्हणून उत्तरंही त्याच क्रमाने लावली आहेत.

प्रश्न : २००५ च्या मॉडेलची, ९० हजार किलोमीटर चाललेली आरएक्स-८ पाहून आलो. मालकाने साध्या कॉम्प्रेशन गेजने मोजून दाखवलं, आकडा चांगला आला. घ्यावी का?

त्या आकड्यावर भरवसा ठेवून तरी घेऊ नका. रोटरला तीन बाजू असतात आणि प्रत्येक बाजूचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत कोंडलेला दाब, वेगळं असतं. साध्या गेजमध्ये एकाच दिशेने उघडणारी झडप असते, ती सर्वांत मोठा दाब धरून ठेवते. म्हणजे काटा सांगतो ते तीनपैकी सर्वांत धडधाकट बाजूबद्दल. रोटरच्या टोकावरची, दाब अडवून धरणारी एक अ‍ॅपेक्स सील गेली, की तिच्या दोन्ही अंगांच्या बाजू ढिल्या पडतात. तिसरी मात्र शाबूत राहते आणि गेजपुरती इंजिनाची अब्रू राखते.

रोटरीसाठीचाच टेस्टर हवा. तो दोन रोटरांचे तीन-तीन असे सहा आकडे देतो, शिवाय मोजताना इंजिन किती वेगाने फिरत होतं तेही सांगतो. या इंजिनासाठी २५० आरपीएमला ८३० किलोपास्कल हा प्रमाण दाब आणि ६८० ही खालची मर्यादा. एकाच रोटरच्या तीन बाजूंमध्ये १५० पेक्षा जास्त फरक नको, दोन रोटरांमध्ये १०० पेक्षा जास्त नको. मोजायचं ते इंजिन पूर्ण तापल्यावर, थ्रॉटल पूर्ण उघडून, पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही बंद करून. अहवालावर आरपीएम लिहिलेला नसेल तर तो कागद बाजूला ठेवा. ताजी बॅटरी आणि जोरकस स्टार्टर इंजिनाला २५० च्या वर फिरवतात, आकडे फुगतात आणि थकलेलं इंजिनही पास होतं.

टेस्टर मिळेपर्यंत एक ढोबळ तपासणी साध्या गेजनेही जमते. त्यातली झडप काढा आणि सेल्फ मारा. आता काटा एका जागी न थांबता उड्या मारतो. तीन-तीनच्या लयीत सारख्या उड्या हव्यात. दर तिसरी उडी पूर्ण आणि मधल्या दोन आखूड दिसल्या, तर वर सांगितलेली सील गेलेली आहे. दाब किती ते यातून कळत नाही, पण लंगडेपण लपत नाही.

गाडी बघायला जाल तेव्हा ती थंड हवी, हे मालकाला आधीच सांगून ठेवा. थंड असताना सुरू करून बघा, मग वीसेक मिनिटं चालवा, बंद करा, दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा किल्ली फिरवा. दोन-तीन सेकंदांत पेटली तर ठीक. गरम असताना सेल्फ खात राहिली तर टेस्टरशिवाय पुढची बोलणी करू नका. सुरू झाल्यावर पांढरा, गोडसर वासाचा धूर बराच वेळ येत राहिला तर कूलंटच्या सीलचं काम आहे, म्हणजे इंजिन उतरवून उघडणं आलं.

प्रश्न : दुसरी एक गाडी पाहिली. ६००० आरपीएमच्या वर ती अडखळते. मालक म्हणतो, “फक्त कॉइल गेल्यात, बदलल्या की झालं.” खरं मानावं का?

तसं असूही शकतं. पण कॉइल बदलून बघण्याआधी कॉम्प्रेशन मोजा, हा क्रम उलटा करू नका. कॉम्प्रेशन मोजताना ठिणगी बंदच असते. त्यामुळे कॉइल कितीही खराब असली तरी आकडे खरे येतात.

लक्षणांतून अंदाज बांधता येतो. कमजोर कॉइल भार आल्यावर बोलते : चढावर, वरच्या आरपीएमला, आणि तासभर चालून सगळं तापल्यावर. कमी कॉम्प्रेशन याच्या उलट, सुरू होतानाच आणि आयडलला (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना) जाणवतं, वर गेल्यावर गाडी बऱ्यापैकी सावरते. मात्र दोन्ही दोष एकत्र असणंही सर्रास दिसतं. बरेच दिवस मिस मारणारी (मधूनच न पेटणारी) गाडी न जळालेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये सोडते, ते धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, आतली जाळी वितळते आणि वाट तुंबते. मग गरम वायू मागे दाबला जातो आणि सीलना भाजतो. एका कॉइलच्या हयगयीत इंजिन जातं ते असं. म्हणून कन्व्हर्टरही तपासा. थंड असताना रबरी हातोडीने हलकेच ठोकल्यावर आत खुळखुळ ऐकू आली तर जाळी फुटली आहे. वरच्या आरपीएमला गाडी अडखळत नाही, पण कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी कोंडते, तेव्हा ती तुंबली आहे.

स्कॅनर लावा. पी०३०१ म्हणजे पुढच्या रोटरची मिस, पी०३०२ म्हणजे मागच्या. एकही कोड नाही आणि गाडी स्वतः करते त्या तपासण्या ‘अपूर्ण’ दिसतायत, तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी नुकतीच काढली होती. का काढली, ते विचारा.

प्रश्न : पिस्टनच्या गाडीत कॉइल वर्षानुवर्षं टिकते. इथे ५० हजार किलोमीटरमध्येच का जाते?

कारण काम दुप्पट आहे. चार स्ट्रोकच्या इंजिनात एका प्लगला शाफ्टच्या दोन फेऱ्यांत एकदा ठिणगी लागते. रोटरीत दर फेरीला एकदा. ९००० आरपीएमला हिशेब करा : प्रत्येक प्लगला सेकंदाला १५० ठिणग्या. दोन ठिणग्यांमध्ये सातही मिलिसेकंद मिळत नाहीत आणि तेवढ्यात कॉइलला पुन्हा भरायचं असतं. त्यात या कॉइल इंजिनालगतच्या ब्रॅकेटवर बसवलेल्या, तिथे उष्णता खेळतच असते.

एका रोटरला दोन प्लग असतात. खालचा लीडिंग, वरचा ट्रेलिंग. ज्वलनाची जागा लांबट आणि सरकती असल्यामुळे एका ठिणगीने मिश्रण वेळेत पूर्ण जळत नाही. मुख्य काम लीडिंगचं, त्यामुळे ती कॉइल गेली की लगेच कळतं. ट्रेलिंगची गेली तर गाडी चालत राहते, पेट्रोल थोडं जास्त पिते, उचल जरा मंदावते आणि मालकाला वाटतं पेट्रोलच खराब. अशी गाडी महिनोन्‌महिने चालवलेली सापडते.

आरएक्स-८ च्या कॉइलमध्ये इग्नायटर (कॉइलची वीज जोडणारा-तोडणारा भाग) आतच बसवलेला आहे, त्यामुळे मल्टिमीटरने ओम मोजून ती चांगली की वाईट ते ठरत नाही. गरम असताना भाराखाली ती काय करते तेच महत्त्वाचं. आमचं मत स्पष्ट आहे : या गाडीत कॉइल, प्लग आणि वायर ब्रेक पॅडसारख्या झिजणाऱ्या वस्तू समजा. ५० हजारांच्या आसपास चारही कॉइल, चारही वायर, चारही प्लग एकदम बदला. जुनी गाडी घेतलीत आणि पावती दाखवता येत नसेल तर बदललेलं नाही असंच धरा.

प्रश्न : हे काम घरी करता येईल का? काय काळजी घ्यावी?

येईल. इंजिन पूर्ण थंड हवं, शक्यतो रात्रभर उभं राहिलेलं. प्लग अ‍ॅल्युमिनियमच्या हाउसिंगमध्ये असतात, गरम असताना उघडले तर आटे प्लगबरोबर बाहेर येऊ शकतात. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. पुढचं डावं चाक उतरवा, गाडी स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकवर नको. चाकाच्या खोबणीतलं प्लॅस्टिकचं आवरण बाजूला केलं की हात प्लगपर्यंत पोचतो.

एका वेळी एकच वायर काढा. ओढायची ती टोपी धरून, किंचित पिळून. वायर धरून ओढली तर आतला धागा तुटतो आणि बाहेरून काही दिसत नाही. चारही एकदम काढायच्याच असतील तर आधी टेपवर लिहून चिकटवा : पुढचा-खालचा, पुढचा-वरचा, मागचा-खालचा, मागचा-वरचा. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. दोन वायर उलटसुलट झाल्या तर गाडी फटाके फोडते नाहीतर पेटतच नाही, आणि माणूस नव्या कॉइलला दोष देत बसतो.

प्लगसाठी २१ मिलिमीटरचा खोल सॉकेट आणि लांब एक्स्टेन्शन लागतं. खालच्या जागी एनजीके आरई७सी-एल, वरच्या जागी आरई९बी-टी. शेवटचं अक्षरच सांगतं, एल म्हणजे लीडिंग, टी म्हणजे ट्रेलिंग. गॅप ठोकून कमी-जास्त करायचा नाही. प्लग आधी सॉकेट-एक्स्टेन्शन नुसत्या हातात धरून फिरवा, तीन-चार फेऱ्या अजिबात अडथळा न येता बसल्या पाहिजेत. अडकला तर मागे घ्या, जोर लावू नका. शेवटी टॉर्क पान्ह्याने १३ ते १७ न्यूटन-मीटर. हे कमी वाटतं आणि म्हणूनच लोक आवळत सुटतात.

काढलेले प्लग क्रमाने मांडून बघा. तपकिरी असेल तर ठीक. काळा आणि पेट्रोलने ओला असेल तर त्या जागी ठिणगी पडत नव्हती. थोडं तेल दिसलं तर घाबरू नका, सीलना वंगण मिळावं म्हणून हे इंजिन मुद्दामच तेल जाळतं. डिपस्टिक मात्र दर दुसऱ्यांदा पेट्रोल भरताना बघायचीच.

प्रश्न : चारही प्लग एकाच नंबरचे लावले तर?

आरएक्स-८ मध्ये नको. एनजीकेचा आकडा जितका मोठा तितका प्लग थंड, आणि दोन्ही जागांची गरज वेगळी आहे. आकारही वेगळे आहेत.

प्रश्न : गाडी धुण्यासाठी दहा मीटर पुढे घेतली आणि बंद केली. आता सेल्फ फिरतो पण पेटत नाही. कॉइल गेल्या का?

बहुधा नाही. इंजिन फ्लड झालं आहे. थंड इंजिनाला सुरुवातीला भरपूर पेट्रोल सोडलं जातं, ते जळायच्या आत बंद केलं की प्लग भिजतात आणि भिंतीवरचा तेलाचा थर धुऊन जातो. तेल गेलं की सील नीट धरत नाही, दाब पडतो, मग आणखी कठीण.

अ‍ॅक्सिलरेटर जमिनीपर्यंत दाबून ठेवा आणि सेल्फ मारा. पूर्ण दाबल्यावर इंजेक्टर बंद राहतात, फक्त हवा जाते. दहा सेकंदांवर नको, मध्ये मिनिटभर विश्रांती. पाय वर न घेता असं तीन-चार वेळा करा. मग पाय काढून नेहमीसारखं सुरू करा. बॅटरी मंदावली तर थांबून चार्ज करा, मंद फिरणारा सेल्फ परिस्थिती बिघडवतोच. तरीही नाही पेटली तर फ्यूल पंपाचा फ्यूज काढा, खालचे दोन प्लग काढा, सेल्फ मारून पेट्रोल बाहेर फेकू द्या. हे करताना कॉइलच्या जोडण्या काढलेल्या असाव्यात आणि आसपास ठिणगी नको. मग प्रत्येक भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा, कोरडे प्लग लावा, फ्यूज आणि जोडण्या परत बसवा. सुरू झाल्यावर धुराचा लोट उठेल, तो त्याच तेलाचा, थोड्या वेळात ओसरतो.

यापुढे गाडी हलवायचीच असेल तर तापमानाचा काटा जागेवर येईपर्यंत बंद करू नका. नाहीतर ढकला.

प्रश्न : १९८७ ची आरएक्स-७ आहे. टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा) लावला तर खूण टीडीसीच्या (मिश्रण सर्वांत जास्त दाबलं जातं त्या जागेच्या) नंतर दिसते, तीही पुलीवर दोन ठिकाणी. टायमिंग बिघडलंय का?

नाही. या इंजिनाला आयडलला लीडिंगची ठिणगी टीडीसीनंतर ५ अंशांवर आणि ट्रेलिंगची २० अंशांवर हवी असते. पुलीवरची पिवळी खूण लीडिंगची, लाल ट्रेलिंगची. लाइटचा क्लॅम्प आधी पुढच्या लीडिंग वायरवर लावून पिवळी खूण पिनेसमोर आणा, फिरवायचा तो क्रँक अँगल सेन्सर. मग ट्रेलिंगवर लावून लाल खूण तपासा.

खूण पुलीवर दोन ठिकाणी दिसते, कारण दोन्ही लीडिंग प्लगना एकच कॉइल आहे आणि ती दोघांना एकदम ठिणगी देते. रोटर एकमेकांपासून १८० अंशांवर असल्यामुळे शाफ्टच्या एका फेरीत लाइट दोनदा लुकलुकतो. तुमच्या कामाचा तो, ज्यात खूण पिनेजवळ दिसते. ट्रेलिंगना मात्र स्वतंत्र कॉइल आहेत. त्यामुळे या गाडीत दोन्ही लीडिंग एकदम मेले तर प्लग बदलत बसू नका, सरळ लीडिंग कॉइल आणि तिची जोडणी बघा.