सीडर रॅपिड्सला येताय? टोर्नेडोपेक्षा लाइटची काळजी करा

पुण्याहून अमेरिकेत, आयोवा राज्यातल्या सीडर रॅपिड्सला बदली होतेय, सोबत बायको आणि चार वर्षांची मुलगी, पुढच्या उन्हाळ्यात आई येणार, आणि टोर्नेडोचे व्हिडिओ बघून घरात सगळ्यांची झोप उडालीय, असं तुम्ही लिहिलंत. घरचा इन्व्हर्टर आणू का, हेही विचारलंत. त्याचं उत्तर आधी देतो: आणू नका. इथे 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्झ चालतं, तो नुसता अडगळीत पडेल.

आता टोर्नेडो. आयोवात होतात, लपवण्यासारखं काही नाही. मे 2008 मध्ये पार्कर्सबर्गची दैना झाली, मे 2024 मध्ये ग्रीनफील्डची. पण टोर्नेडोचा पट्टा अरुंद असतो. एका गल्लीतली घरं भुईसपाट आणि पलीकडच्या गल्लीत कौलही हललेलं नाही, असं होतं. आमच्या शहराला ज्याने आडवं केलं तो टोर्नेडो नव्हताच.

10 ऑगस्ट 2020, सोमवार, ऐन जेवणाची वेळ. त्या प्रकाराला डेरेचो म्हणतात. वादळी ढगांची लांबच लांब फळी सरळ रेषेत वारा रेटत येते. साउथ डकोटा-नेब्रास्काकडून निघालेली ती फळी चौदा तासांत सुमारे 770 मैल कापून ओहायोपर्यंत गेली. शेजारच्या अ‍ॅटकिन्स गावात वाऱ्याचा वेग ताशी 126 मैल नोंदला गेला. शहरात झालेल्या नुकसानीवरून अंदाज निघाला तो 140 मैलांचा, म्हणजे ताशी सव्वादोनशे किलोमीटर. आपला वळीव दहा-पंधरा मिनिटं धिंगाणा घालून निघून जातो. हा वारा पाऊण तासाच्या आसपास झोडपत राहिला. शहरातली निम्म्याहून जास्त झाडं गेली, आणि ती पडली तारांवर.

खरा त्रास तिथून पुढे सुरू झाला. जवळजवळ सगळं शहर अंधारात. आमच्या भागात आठवडा उलटून गेला, काहींकडे दोन आठवड्यांनी लाइट आली. मोबाइलचे टॉवरही बंद, त्यामुळे कुठे काय चालू आहे हे कळायला मार्ग नाही. पेट्रोल पंप विजेवर, म्हणून तेही बंद. कार्ड चालेना. शेजाऱ्यांनी फ्रीझरमधलं मांस वितळायच्या आत अंगणात भाजून गल्लीभर वाटलं. आम्ही शाकाहारी, आम्हाला कणसं मिळाली, आयोवात त्यांना तोटा नाही.

एरवी इथे लाइट क्वचितच जाते, आणि गोम तिथेच आहे. भारनियमनात वाढलेल्या आपल्या घरांना विजेशिवाय दिवस काढता येतो: गॅस आहे, खिडक्या आहेत, टाकीत पाणी आहे. इथलं घर विजेविना ठप्प होतं. शेगडी बहुतेक वेळा इलेक्ट्रिक, म्हणजे चहासुद्धा नाही. फर्नेस गॅसवर चालत असली तरी गरम हवा ढकलणारा पंखा विजेवरच, म्हणजे हिवाळ्यात घर गार. जानेवारी 2019 च्या शेवटी इथे पारा उणे 30 फॅरनहाइटला गेला होता, सेल्सियसमध्ये उणे 34. अशा थंडीत लाइट गेली तर माणसांइतकीच नळांची काळजी करावी लागते. पाइपात पाणी गोठून ते फुटतात. तेव्हा नळ बारीक धारेने चालू ठेवायचे, सिंकखालची कपाटं उघडी ठेवायची, आणि घर फारच गार पडलं तर मुलीला घेऊन सरळ हॉटेल किंवा मित्राचं घर गाठायचं. हट्टाने बसून राहू नका.

बेसमेंटमध्ये संप पंप असतो, जमिनीखाली साचलेलं पाणी तो बाहेर फेकतो. जोराचा पाऊस आणि लाइट जाणं बहुधा जोडीनेच येतं, म्हणून पंपाला बॅटरी बॅकअप आहे का ते विचारून घ्या. इन्शुरन्समध्ये हे पाणी आपोआप धरलेलं नसतं, वेगळं कलम घ्यावं लागतं. पुराचा विमा तर पूर्ण निराळा. जून 2008 मध्ये सीडर नदी 31 फुटांवर चढली होती, तेव्हा नदीजवळचं घर स्वस्त मिळतंय म्हणून भुलू नका.

जनरेटर घ्यायचाच असेल तर एक नियम पाळा: तो घरात नाही, गॅरेजमध्ये नाही, दार उघडं ठेवूनही नाही. बाहेर, घरापासून किमान 20 फुटांवर. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. कोळशाची शेगडीही आत आणायची नाही; आईंना हे आधीच समजावून ठेवा.

आणखी एक गोष्ट, जी घर विकणारा सांगत नाही. भिंतीवरचा मीटरचा खांब झाडाने उखडला, तर तो सहसा घरमालकाने स्वतःच्या इलेक्ट्रिशियनकडून दुरुस्त करून घ्यायचा असतो, मगच कंपनी तार जोडते. डेरेचोनंतर कितीतरी घरांत गल्लीत लाइट आली तरी आत अंधार राहिला, तो यामुळे. म्हणून पहिलं वर्ष भाड्यानेच राहा.

इशाऱ्यांचं म्हणाल तर वॉच म्हणजे वादळ होण्याची शक्यता आहे; तेव्हा कपडे आत घ्या आणि फोन चार्ज करा. वॉर्निंग म्हणजे वादळ आलंच; ती आली की ताबडतोब खाली बेसमेंटमध्ये. भोंगा बाहेर असलेल्यांसाठी असतो, बंद घरात झोपेत तो ऐकू येईलच असं नाही. बॅटरीवर चालणारा वेदर रेडिओ घ्या, टॉवर पडले तरी तो बोलतो. थोडी रोकड, गाडीत निम्मी टाकी पेट्रोल, पाण्याचे कॅन आणि पोहे-चुरमुऱ्यांसारखं न शिजवता खाता येईल असं काहीतरी घरात असू द्या. लाइट गेल्यावर फ्रिज उघडला नाही तर चार तास टिकतो, भरलेला फ्रीझर दोन दिवस. गॅरेजचं दार हाताने उघडायची लाल दोरी आल्याच दिवशी ओढून बघा.

अपार्टमेंट बघत असाल तर तिसऱ्या मजल्यावरच्यांनी वॉर्निंगच्या वेळी कुठे जायचं, हे मॅनेजरला विचारा. नीट उत्तर मिळालं नाही तर दुसरी जागा बघा. दोन-तीन पत्ते पक्के झाले की कळवा, मी जाऊन बघून येतो.