भाव लावताना स्वतःची मजुरी धर

अगं, घोडबंदरच्या सोसायट्यांतून तुझ्या मसाल्याला मागणी येतेय, मग 'घरबसल्या थोडंफार' असं का म्हणतेस? भरपूर कमवायचंय असं मोकळेपणाने सांग, त्यात लाजायचं काय! मिरची, धणे वाशीच्या एपीएमसी मसाला मार्केटमधून घाऊक आण. भाव काढताना कांडपाचे पैसे, पाकीट, लेबल हे सगळे धरतातच. पण मिरच्यांचे देठ खुडण्यात, उन्हात वाळवण्यात तुझी जी दुपार जाते तिची मजुरी बहुतेक मुली सोडूनच देतात. ती आधी लाव. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, सरकारी पोर्टलवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नकोस. खाण्याचा माल आहे, तेव्हा एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याची, नोंदणीही हवीच. छोट्या धंद्यांसाठीच्या सरकारी मुद्रा कर्ज योजनेच्या शिशु गटात 50,000 रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं. आणि धंद्याचं खातं वेगळं, तुझ्या एकटीच्या नावावर उघड.